पाऊल पुन्हा वळलं, म्हणून सांधे कापायचे?

क्लबफूटचं, म्हणजे जन्मतः आत वळलेलं, पाऊल सरळ केल्यावर पुन्हा वळलं म्हणजे प्लास्टरची पद्धत फसली, आता पाय 'मोकळा' करणारं मोठं ऑपरेशनच हवं, असं एका अस्थिरोगतज्ज्ञांनी परवा भर सभेत ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या. ही प्लास्टरची पद्धत आयोवातल्या डॉ. पॉन्सेटींची: प्लास्टर घालत पाऊल हळूहळू सरळ करायचं आणि ते पुन्हा वळू नये म्हणून मग खास बूट घालायचे. पण पाऊल पुन्हा वळू शकतं हे खुद्द पॉन्सेटींनी धरूनच ठेवलं होतं आणि त्यावरचा इलाज त्याच पद्धतीत बसवला होता.

अशा पोराची चाल नीट बघा. पाऊल उचललं की आतली कड वर जाते आणि टेकताना बाहेरची कड आधी टेकते. नडगीसमोरचा स्नायू पावलाला आत खेचत असतो. अशा वेळी आधी पुन्हा प्लास्टर घालून पाऊल सरळ करायचं. मग पोर साधारण अडीच वर्षांचं झाल्यावर, बाहेरच्या बाजूचं क्यूनिफॉर्म हाड पुरेसं तयार झालं की त्या स्नायूचा टेंडन आतून सोडवून या हाडात ओवायचा. त्याचा दोरा तळव्याखाली चक्क बटणाला बांधतात! वर सहा आठवडे प्लास्टर. पाऊल बिघडवणाराच स्नायू मग ते सरळ उचलतो आणि सांध्यांना हातही लागत नाही.

मोठ्या ऑपरेशनात घोट्याच्या मागची आणि आतली सांध्यांची आवरणं, अस्थिबंध कापत जातात. फोटो झकास येतो. पण असे पाय पंचवीसहून अधिक वर्षांनी तपासले, तेव्हा ताठ झालेले, झिजलेले सांधे सापडले. जितकी जास्त कापाकापी तितका पाय अधू, असं २००६ च्या त्या अमेरिकी अभ्यासाचं म्हणणं. उलट आयोवात टेंडन हलवलेले रुग्ण ३७ ते ५५ वर्षांनी पाहिले, तर नुसत्या प्लास्टरवर भागलेल्यांपेक्षा त्यांची पावलं कामाला उणी नव्हती. २०१५ च्या या अभ्यासातले रुग्ण मोजकेच, हे कबूल. पण इतकी वर्षं रुग्णांचा माग ठेवणारे तरी किती असतात?

राहिलं 'आईने बूट घातले नाहीत' हे पालुपद. बूट सुटले की पाऊल वळतं, हे खरंच. पण पोराचा पाय वाढतो, बूट तोकडे होतात आणि नवे आणायला जिल्ह्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. २०१३ पासून क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे. तरी ज्याची फीत कापता येत नाही ते आपल्याकडे वेळेवर पोचत नाही, हा माझा जुना संशय. पुरावा मागू नका.

काही हट्टी पायांना मोठं ऑपरेशन लागतं, नाही असं नाही. पण पालकांनो, सही करण्याआधी एवढं विचारा: आधी पुन्हा प्लास्टर देणार का? टेंडन हलवून भागणार नाही का? उत्तर पटलं नाही, तर पॉन्सेटी पद्धतीने काम करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना पाय दाखवा.