हीथक्लिफचे बंड आणि उपरोधाचे विस्मरण

एमिली ब्राँटीच्या 'वदरिंग हाइट्स' (१८४७) या कादंबरीच्या वाट्याला दोन भाबडी वाचने आली आहेत. पहिले जुने. त्याला ही वादळी माळरानावरची अमर प्रेमकथा वाटते. १९३९ च्या चित्रपटाने दुसऱ्या पिढीचे सारे कथानक कापून त्यावर शिक्कामोर्तब केले. दुसरे वाचन वसाहतोत्तर समीक्षेच्या परिभाषेत बोलते, म्हणून अधिक प्रतिष्ठित आहे. त्याला हीथक्लिफ हा वंश आणि वर्ग या दुहेरी दमनाविरुद्ध उभा ठाकलेला बंडखोर दिसतो. पहिल्याची खिल्ली उडवणारे अभ्यासक दुसरे मात्र विनातक्रार स्वीकारतात. वस्तुतः दोहोंचा प्रमाद एकच : दोन्ही वाचने कादंबरीतील उपरोध गाळून टाकतात.

'उपरोध' म्हणजे टोमणा, हा रूढ अर्थ येथे उपयोगाचा नाही. ब्राँटीचा उपरोध शब्दांत कमी, रचनेत अधिक आहे. पात्र जे करू पाहते आणि त्याच्या हातून जे घडते, निवेदक जे सांगतो आणि जे त्याला उमगलेलेच नसते, यांतील अंतरात तो वसतो. लॉकवुडला मेलेले ससे मांजरी वाटतात, तेव्हाच वाचकाने सावध व्हायला हवे. नेली डीन तर घटनांची साक्षीदार आहे तशीच त्यांची भागीदारही. हीथक्लिफशी लग्न म्हणजे अधोगती, एवढेच कॅथरिनचे बोलणे ऐकून तो निघून जातो. पुढची प्रेमाची कबुली त्याच्या कानी पडत नाही. तो गेल्याचे नेली पाहते आणि त्या क्षणी गप्प बसते. ज्याला अमर प्रेम म्हटले जाते त्याची शोकांतिका अशी अर्ध्या ऐकलेल्या संभाषणावर उभी आहे.

वंशाचा प्रश्न उपरा आहे, असे मात्र नव्हे. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेले हे सावळे पोर सी. पी. सँगर यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या कालक्रमानुसार १७७१ च्या सुमारास घरात येते, आणि त्या काळी लिव्हरपूल हे ब्रिटनच्या गुलामव्यापाराचे प्रमुख बंदर होते. थोरल्या लिंटनला तो 'लास्कर' वाटतो, म्हणजे ज्यांत कोकणपट्टीतलेही लोक असत त्या खलाशांपैकी एक. नाहीतर अमेरिकेचा वा स्पेनचा कुणी वाहत आलेला. टेरी ईगल्टन यांनी १९९५ मध्ये त्याच्यावर आयरिश दुष्काळाची छाया पाहिली. मारीज कोंदे यांनी त्याच वर्षी हे कथानक कॅरिबियन बेटांवर नेले. संहिता यांपैकी कशालाच दुजोरा देत नाही. नेलीदेखील त्याला चीनच्या बादशहाचा आणि हिंदुस्थानी राणीचा मुलगा बनवते, तेही सांत्वनासाठी. तेव्हा वंश ही येथे हीथक्लिफविषयीची माहिती नसून बोलणाऱ्यांविषयीचा पुरावा आहे. 'तो नेमका कोण' याचा निकाल लावू पाहणारा समीक्षक नकळत लिंटनच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो.

खरी गफलत होते ती सुडाच्या बाबतीत. हीथक्लिफ शोषकांचीच शस्त्रे त्यांच्यावर उलटवतो, म्हणून त्याच्या सुडाला नैतिक बळ लाभते, असे अर्नल्ड केटल यांनी १९५१ मध्ये म्हटले. शस्त्रे त्यांचीच, हे खरे : जुगार, गहाणखत, सक्तीचा विवाह, मृत्युपत्र. पण ती चालतात कुणावर? इझाबेलावर, जिने त्याचे काही बिघडवलेले नाही. धाकट्या कॅथीवर, जिला कोंडून, मारून लग्नाला उभे केले जाते. स्वतःच्या मरणोन्मुख मुलावर, ज्याची किंमत वारसाहक्कापुरतीच आहे. ज्या यंत्राने चिरडले ते यंत्र हीथक्लिफ मोडत नाही. ते चालवायला शिकतो. बंडखोराच्या गौरवासाठी इझाबेलाचे पत्र वगळावे लागत असेल, तर त्या समीक्षेला मुक्तिवादी म्हणायचे कोणत्या अर्थाने?

हिंडलीने आपल्याला केले तसेच हेअरटनला अडाणी गडी करून सोडण्यात त्याचा सूड पूर्ण होतो; आणि त्याच्या मृत्यूनंतर मनापासून रडतो तो हा हेअरटनच. वाड्याच्या दारावर '१५००' या सालाखाली एका हेअरटन अर्नशॉचे नाव कोरलेले आहे. दुसऱ्या हेअरटन अर्नशॉकडे तो वाडा शेवटी परत जातो. हीथक्लिफच्या थडग्यावर मृत्यूच्या तारखेखेरीज एकच नाव आहे, कारण त्याला आडनाव नाही. तेही उसनेच. अर्नशॉ कुटुंबात बालपणीच वारलेल्या एका मुलाचे ते नाव होते.