विसराळूपणा आणि आपलं ताट

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. मी सकाळचे तीन तास शाळेत सहावीला मराठी शिकवते. एक दिवस फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, तशा मुली खुदुखुदु हसू लागल्या. तो धडा मी आदल्याच दिवशी शिकवला होता! पुढच्या बाकावरच्या मुलीचं नाव ओठांवर येईना. घरी आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "बदाम भिजवून खात जाय वं." ह्यांनी बुद्धिवर्धक टॉनिकची बाटली आणली. बाटली संपली, विसराळूपणा होता तिथेच. पुढे थकवा फारच वाढला, तेव्हा इथे मालेगावातच (नाशिककडचं नव्हे हं, आपलं वाशीमचं) डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली. सकाळी शाळेच्या घाईत चहा-बिस्कीट. मधल्या सुट्टीत पुन्हा चहा. दुपारी दोनला सगळ्यांचं उरकल्यावर भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं वरण. त्यावर लगेच चहा. दूध मुलांना, आणि दह्याचं भांडं माझ्यापर्यंत येईतो रिकामं. रात्री जे उरेल ते. सोमवार, चतुर्थी, एकादशीला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ आणि ब-१२ जीवनसत्त्वही फार कमी.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा एकटाच खातो. त्याला प्राणवायू पोचवणाऱ्या रक्ताला लोह लागतं, आणि मज्जातंतूंचं आवरण धड राहायला ब-१२. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना १६ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या. ज्यांचं लोह भरून आलं, त्यांचं लक्ष आणि स्मरण चाचण्यांत सुधारलं. आणि आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला! ब-१२ चंही तसंच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहर, झोपडपट्टी आणि खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरात ६७ जणांचं ब-१२ कमी होतं. हे तर पुरुष, ज्यांना ताट आधी वाढलं जातं.

मग बदामाचं काय? खा की, परवडत असतील तर. पण ज्याच्या अंगात काही कमी नाही, त्याची बुद्धी एखाद्या पदार्थाने वाढेल ही आशा नको. अमेरिकेतच ६०४ ज्येष्ठांना तीन वर्षं पालेभाज्या, सुकामेवा असा खास 'मेंदूचा आहार' दिला. दुसऱ्या गटाचा आहार नेहमीचाच, फक्त दोन्ही गटांचं खाणं थोडं बेतशीर केलं. २०२३ मध्ये निकाल आला, तर दोन्ही गटांच्या स्मरणात म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून टॉनिकवर पैसे घालवण्याआधी रक्त तपासून घ्या.

मी केलं ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेतल्याच. शिवाय जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. मेथीच्या भाजीवर, मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळते, त्याने लोह चांगलं लागतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवले नाहीत. ब-१२ मात्र पालक, बीट, खजूर कशातच नसतं. अंडी-मासे न खाणाऱ्यांना दूध, दही, ताक हाच आधार, आणि कमतरता फार असेल तर तेवढ्याने भागत नाही. दोनेक महिन्यांत वर्गातली नावं पुन्हा पटापट येऊ लागली.

खरा धक्का पुढेच बसला. सासूबाई नातवंडांची नावं चुकवायच्या, पायांना मुंग्या येतात म्हणायच्या. "वय झालं आता, मले काय धाड भरली," असं त्याच म्हणत आणि आम्हीही मान डोलवत असू. त्यांचं ब-१२ माझ्याहून कमी निघालं. उपास माझ्यापेक्षा दुप्पट, शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी कितीतरी वर्षांची. तिनेही ब-१२ घटतं. इंजेक्शनांनी मुंग्या कमी झाल्या. नावं अजून चुकतात. फार दिवसांची कमतरता असेल तर सगळं परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन वर्षं आधी तपासायला हवं होतं, हे मनातून जात नाही.

आता रात्री आम्ही दोघी सगळ्यांबरोबरच पानावर बसतो. दह्याच्या दोन वाट्या आधीच बाजूला काढते. पहिल्या दिवशी धाकट्याने विचारलं, "हे कोणाचं?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "एक माहं, एक तुह्या मायचं. हात नको लावू."