वीस रुपये कशाचे कापले, ते सांगा

मी घनसावंगी तालुक्यात बँक सखी म्हणून काम करते. बचतगटांची खाती, पैसे काढायच्या स्लिपा, केवायसी, पासबुक भरून आणणं, सकाळपासून हेच. दरवर्षी जून लागला की बाया पासबुक पुढं करतात आणि विचारतात, "ताई, माझे वीस रुपये कुठं गेले?" कुणाचे 436 गेलेले असतात. रकमेसमोर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती त्यांना वाचता येत नाहीत. खातं उघडताना दहा ठिकाणी सह्या-अंगठे घेतले, त्यातलाच एक या कपातीसाठी होता, हे कुणाच्या लक्षात राहणार?

वीस रुपये सुरक्षा विम्याचे. अपघातात माणूस गेला तर वारसाला 2 लाख. 436 जीवन ज्योतीचे, मरण कशानंही येवो, 2 लाख. दोन्ही योजना 2015 च्या. तेव्हा हप्ता 12 आणि 330 होता, जून 2022 पासून वाढला. या योजना चांगल्याच आहेत, मी स्वतः बायांना त्या घ्यायला लावते. वीस रुपयांत जालन्याचं एसटीचं तिकीट येत नाही, तिथं 2 लाखांचा आधार मिळतो. पण हप्ता कापायची तारीख बँकेचं यंत्र कधी विसरत नाही. पैसे द्यायची वेळ आली की मात्र घरच्यांनीच सगळं लक्षात ठेवायचं.

एक बाई दिवाळीनंतर माझ्याकडं आली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि पासबुक. खात्यातले अकराशे रुपये काढायचे होते. नवरा बेचाळीस वर्षांचा. पावसाळ्यात आखाड्यावर झोपला असताना पायाला साप चावला. आधी फडकं बांधलं, मग झाडपाला देणाऱ्याकडं नेलं. उजाडता उजाडता जीपनं जालन्याला निघाले, तर अंबडच्या पुढं गाडीतच जीव गेला. जीप तिथूनच माघारी फिरली आणि दुपारी मातीही उरकली.

मी पासबुक उलगडलं. मेच्या शेवटी दोन ओळी होत्या, 20 आणि 436. "वहिनी, यांचा विमा होता," म्हणाले, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. नियमानं दावा तीस दिवसांत करायचा, आणि माणूस जाऊन चार महिने झाले होते. ज्या शाखेत खातं, तिथं ती आधी दोनदा जाऊन आली होती. मृत्यूचा दाखला दाखवला होता. "वारसाचा फॉर्म आणा" म्हणून सांगितलं, विम्याचं कुणी बोललं नाही.

जीवन ज्योतीचे पैसे सात खेपा घालून मिळाले. सुरक्षा विम्याचा दावा परत आला. सर्पदंशात पोलिसांचा कागद नसला तरी चालतो, पण दवाखान्याची नोंद लागते. जीप माघारी फिरली तिथंच तो कागद हुकला. शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, तीही 2 लाखांचीच. कंपन्या दावे अडवतात म्हणून 2023 मध्ये सरकारनं त्यातून विमा कंपन्या काढल्या आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं आणला. हे फार योग्य केलं. पण तिथंही तीस दिवस आणि तिथंही डॉक्टरांचा कागद. त्या दिवशी जीपमध्ये कुणी एकानं जरी म्हटलं असतं, "जीव गेला असला तरी दवाखान्यात न्या, शवविच्छेदन करून घ्या", तर तीन लेकरांच्या त्या घरात आणखी 4 लाख आले असते.

शाखेत एक साहेब, एक कॅशियर आणि दारापर्यंत रांग असते, हे मी रोज बघते. त्यांच्यावर राग काढून काही होणार नाही. पण ज्या संगणकाला कपातीचा दिवस कळतो, त्याला हे खातं मयताचं आहे आणि त्यावर विमा आहे, हे का कळू नये? मृत्यूची नोंद घेताना त्याच खिडकीवर दाव्याचा फॉर्म हातात मिळाला पाहिजे. पासबुकात "अपघात विमा, 20 रुपये" असं मराठीत छापा. मृत्यूचा दाखला देताना ग्रामपंचायतीनं नुसतं विचारावं, खात्यातून विम्याचे पैसे कापले जात होते का? आणि दोन बँकांत खाती असलेल्या बाईचे दोन्हीकडून 436 कापू नका. मिळायचे 2 लाखच असतात, दुसरा हप्ता वाया जातो.

मी आता प्रत्येक पासबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनानं दोन ओळी लिहून देते: विमा आहे, आधी दवाखान्यात न्या.

या जूनमध्ये ती बाई पुन्हा आली. तिच्या स्वतःच्या खात्यातून वीस रुपये गेले होते. त्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ताई, हेच ना ते?" मग थोरल्या पोराला जवळ ओढून म्हणाली, "बघून ठेव रे."