पाना बसला म्हणजे बोल्ट जुळला असे नव्हे

इंच आणि मिलिमीटर या दोन्ही मापांच्या बोल्टना चालेल असा एकच गोटी पाना मिळावा, ही शेतकऱ्यांची मागणी अंशतःच रास्त आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तेथे १९ चा पाना सहसा चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना सैल बसून माथ्याच्या कडा झिजवतो.

खरा धोका मात्र पाना नेमका बसतो तेथेच आहे. मिस्त्री ज्यास ‘चार सुती’ म्हणतात तो अर्ध्या इंचाचा बोल्ट आणि १२ मिमीचा बोल्ट, दोन्ही पुष्कळदा १९ च्याच पान्याने फिरतात. आटे मात्र भिन्न असतात. १२ मिमीचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात शिरतो, पण ताण धरत नाही. रोटाव्हेटरच्या पात्यास असा बोल्ट लावणे म्हणजे अपघातास निमंत्रण होय.

म्हणून झिजलेला पाना बदलताना इंच व मिमीचे सहाकोनी पाने स्वतंत्र घ्यावेत. प्रत्येक अवजार बँकेत व्हर्नियर कॅलिपर व आटे मोजण्याचे गेज असावे आणि विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात त्यांचा वापर प्रत्यक्ष करून दाखवावा.