सांगाड्यातली तार

वैद्यकीय महाविद्यालयात टांगलेला सांगाडा तुम्ही जवळून पाहिला आहे का? त्याची हाडे तारांनी आणि स्क्रूंनी जोडलेली असतात. एके काळी असे सांगाडे कोलकात्याहून जगभर जात. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. याच शहरात १८३५ मध्ये मेडिकल कॉलेज निघाले आणि पुढच्याच वर्षी पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढी मोडून शवविच्छेदन केले.

मग जिवंत माणसाची २०६ हाडे तारेवाचून कशी टिकतात? हाडाला हाड बांधतात ते अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडतात त्या कंडरा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्यातला चिकट द्रव वंगणाचे काम करतो. खुब्याची खोबण खोल, म्हणून तो भक्कम. खांद्याची उथळ, म्हणून तो चौफेर फिरतो आणि चटकन निखळतोही.

अस्थिबंधांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते सावकाश भरून येतात. म्हणून घरात कुणाचा पाय मुरगळला, तर लगेच चोळू नका. कापडात गुंडाळून बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि एक लक्षात असू द्या. साध्या एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. तेव्हा ‘फ्रॅक्चर नाही’ एवढे ऐकून दुसऱ्या दिवशी धावपळ सुरू करू नका.