तेरीज जुळली, हिशेब जुळला का?

सर्व्हरवर फाईल सिस्टिमची चूक निघाली की कोणत्याही कार्यालयात एकच घाई उडते : दुरुस्तीची आज्ञा द्या आणि काम सुरू करा! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी ही घाई पटू नये. कारण हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे.

फाईल सिस्टिम ही सर्व्हरची खतावणी होय. कोणती फाईल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, याच्या नोंदी तीत असतात. नोंद अर्धी असताना वीज गेली, की खतावणी बिघडते. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीच्या पुरात अनेक भागांतली वीज बंद झालेली आपण वडोदरेकरांनी पाहिली आहे. यावर उपाय म्हणून १९९३ ची एनटीएफएस किंवा लिनक्समध्ये २००१ साली आलेली ईएक्सटी-३ या पद्धतींत आधी कीर्द लिहितात, मग खतावणी. यंत्र पुन्हा सुरू झाले की कीर्दीवरून खतावणी पुरी होते.

परंतु या कीर्दीत बहुधा फायलींची मांडणीच नोंदलेली असते, आतला मजकूर नव्हे. म्हणून यंत्राने 'सर्व ठीक' म्हटले तरी नुसती तेरीज जुळली, एवढाच त्याचा अर्थ. तेरीज जुळूनही रक्कम भलत्याच खात्यावर गेलेली असू शकते, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. लिनक्सचा दुरुस्ती कार्यक्रम बेवारशी फायली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात नुसते क्रमांक देऊन टाकतो. हे तर आपले उचंत खातेच! ते तसेच ठेवून कोणता हिशेबतपासनीस सही करील?

तेव्हा क्रम असा हवा : आधी लेखन बंद, मग डिस्कची पूर्ण नक्कल, मग काही न बदलता तपासणी, आणि दुरुस्ती शेवटी, तीही नकलेवर. डिस्कच झिजलेली असेल तर दुरुस्तीच्या धावपळीत उरलेलेही जाते. रोजच्या राखीव प्रतीही मधूनमधून उतरवून पाहिल्या पाहिजेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चुकून माहिती पुसली गेली, तेव्हा प्रती राखण्याच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नसल्याचे उघड झाले आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

'इतका वेळ काम बंद ठेवणार कसे?' असे कोणी विचारील. पण महाविद्यालयाच्या सर्व्हरवर गुण असतात, शुल्काच्या नोंदी असतात. त्यातली एक हरवली, तर पावती घेऊन खिडकीपुढे दिवस दिवस उभा राहतो तो विद्यार्थी. कार्यालयाचे वाचलेले चार तास त्याच्या खात्यावर नावे पडू नयेत, एवढेच मागणे आहे.