औषधी भुकटीचे शुष्कीकरण आणि आपल्या प्रयोगशाळा

एखाद्या औषधाचा शोध कोणी लावला, त्याचे पेटंट कोणाच्या हाती गेले आणि त्याची किंमत सरकारने किती ठरवून दिली, या प्रश्नांचा खल आपल्याकडे वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत होत असतो व तो व्हावा हे योग्यच आहे. परंतु रासायनिक क्रिया पुरी होऊन, स्फटिक तयार होऊन, गाळणीवर ओला लगदा जमल्यानंतर त्याची कोरडी, एकसारखी आणि नियमात बसणारी भुकटी कशी होते, या प्रश्नाकडे संशोधनसंस्थांचेही लक्ष क्वचितच जाते. वाळवणे म्हणजे उष्णता द्यावी आणि वाट पाहावी, एवढेच काम, अशी समजूत आपल्या औद्योगिक व्यवहारात रूढ आहे. ही समजूत चुकीची असून तिची किंमत प्रथम कारखानदार आणि अखेरीस रोगी मोजतो. आणि ती दूर करावयाची तर शुष्कीकरणाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेच्या मापाची उपकरणे आपल्या संस्थांनी स्वतः घडवली पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

घरोघरी परिचित असलेल्या अमॉक्सिसिलिनचेच उदाहरण घ्या. तोंडाने घ्यावयाच्या औषधांत ते ज्या रूपात वापरतात, त्या ट्रायहायड्रेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे तीन रेणू बांधलेले असून वजनाने हे पाणी सुमारे 13 टक्के भरते. ते स्फटिकाच्या रचनेचाच भाग आहे. म्हणजे ड्रायरने वरवरचे ओले पाणी घालवावयाचे, पण आतल्या या पाण्यास धक्का लावावयाचा नाही. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर स्फटिकाची घडण मोडते आणि औषध टिकेनासे होते. थिओफायलिनची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण गोळ्यांसाठी दाणे करताना ते पाणी घेऊन मोनोहायड्रेट होते आणि पुन्हा वाळवताना कधी आपल्या स्थिर निर्जल रूपात येते, तर कधी एका अस्थिर रूपात अडकून राहते, जे पुढे साठवणीत बदलत जाऊन गोळीच्या विरघळण्याचा वेगही बदलू शकते. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक असेल तर प्रश्न थेट विषारीपणाचा होतो: आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार औषधात दर दशलक्ष भागांत टोल्युइन 890 आणि डायक्लोरोमिथेन 600 भागांहून अधिक राहू देता येत नाही. हे शेवटचे अंश बाहेर काढण्यासाठीच ड्रायर तासन्‌तास चालतो आणि त्याच अवधीत त्यातील ढवळणारे पाते फिरून फिरून स्फटिकांचा चुरा होतो.

या विषयाची शास्त्रीय बैठक काही नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत ल्यूइस यांनी 1921 साली आणि शेरवुड यांनी 1929 साली घन पदार्थांच्या शुष्कीकरणाची मांडणी केली, आणि पृष्ठभाग ओला असेतो पाणी एकसारख्या गतीने उडते व पुढे ते आतून बाहेर येण्यावर गती अवलंबून राहून मंदावत जाते, हे तत्त्व आज प्रत्येक रासायनिक अभियंता पहिल्या काही वर्षांतच शिकतो. मात्र पाठ्यपुस्तकातील ती वक्ररेषा स्थिर पसरलेल्या थरासाठी आहे. बंद पात्रात, निर्वातात, फिरत्या पात्याखाली पडलेल्या भुकटीचे वर्तन तिच्यावरून वाचता येत नाही; द्रावक कमी होता होता मध्येच एक चिकट अवस्था येते, त्या वेळी ढवळत राहिल्यास गोळे बांधले जातात, आणि गोळ्याच्या पोटात अडकलेला द्रावक मग किती वेळ गेला तरी सहजी निघत नाही.

येथे कोणी म्हणेल की कारखान्यातील यंत्राची लहान प्रतिकृती करून हे सर्व पाहता येईल. दुर्दैवाने निसर्ग ही सवलत देत नाही. पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केली की मालाचे आकारमान हजारपट होते, तापलेल्या भिंतीचे क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढते. तेव्हा प्रत्येक किलो मालाच्या वाट्याला येणारी भिंत एकदशांश उरते. शिवाय मीटरभर खोल थराच्या तळाशी असलेली भुकटी वरच्या मालाचा भार सोसत असते, जो दोनशे ग्रॅमच्या पात्रात जवळजवळ नसतोच. म्हणून प्रयोगशाळेत सुटी, मोकळी वाळलेली भुकटी कारखान्यात गोळे होऊन बाहेर पडते आणि संपूर्ण बॅच पुन्हा दळावी किंवा विरघळवावी लागते.

म्हणून प्रयोगशाळेतील उपकरणाने कारखान्याची नक्कल करण्यापेक्षा एका वेळी एकच प्रश्न नेमका विचारावा, हे उत्तम. दुहेरी भिंतीचे काचेचे पात्र, जेणेकरून आतील बदल डोळ्यांनी दिसावा. भिंतीचे तापमान आणि आतील दाब यांवर स्वतंत्र नियंत्रण. पात्यावर येणाऱ्या टॉर्कची, म्हणजे फिरण्यास होणाऱ्या विरोधाची, अखंड नोंद, कारण चिकट अवस्थेची पहिली वर्दी तोच देतो. निघालेल्या वाफेचे द्रवात रूपांतर करून तिचे वजन क्षणोक्षणी मोजण्याची सोय. निर्वात न मोडता नमुना काढण्याचे दार. आणि खोल थराचा भार उत्पन्न करण्यासाठी भुकटीवर हेतुपुरस्सर ठेवावयाचे वजन. यांतील एकही वस्तू आपल्या कारागिरांच्या आवाक्याबाहेरची नाही. काचकाम जाणणारा कसबी माणूस, एक टर्नर आणि मापनयंत्रे जोडणारा विद्यार्थी यांनी मिळून करावयाचे हे काम आहे.

महाराष्ट्रास तर यात विशेष स्वारस्य असावयास हवे. तारापूर, महाड, लोटे परशुराम येथील कारखाने कोकणच्या दमट हवेत चालतात. गरम हवेच्या झोतावर भुकटी तरंगती ठेवून वाळवणाऱ्या फ्लुइड बेड ड्रायरमध्ये घेतलेली आषाढातील हवा साठ अंशांना तापवली म्हणून तिच्यातील पाणी नाहीसे होत नाही. ते आधी काढून न टाकल्यास तीच बॅच, तेच तापमान आणि तोच वेळ ठेवूनही माघात मिळणारा निकाल पावसाळ्यात मिळत नाही. ऋतुमानाचा हा हिशेब परदेशी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बहुधा सापडणार नाही. तो येथेच, नियंत्रित आर्द्रतेच्या लहान उपकरणावर मांडावा लागेल.

अशी उपकरणे परदेशातून तयार विकत मिळतात, मग हा खटाटोप कशाला, ही हरकत अपेक्षित आहे. विकत घ्यावीत, त्यास आमचा विरोध नाही. परंतु बंद पेटीत आलेल्या यंत्रास हवे तेथे छिद्र पाडून नवे मापक बसवता येत नाही, आणि ज्याने यंत्र स्वतः घडवले नाही त्यास त्याच्या आकड्यांवर केव्हा अविश्वास दाखवावा हेही उमगत नाही. शिवाय औषधनिर्मितीच्या नियमांतील सुधारलेले शेड्यूल एम प्रत्येक प्रक्रिया पुराव्यानिशी सिद्ध करण्याची जबाबदारी लहान कारखानदारावरही टाकते. केवळ दस्तऐवज भरून ती पार पडत नाही. आपला माल का व कसा वाळतो याचे ज्ञान असल्याखेरीज त्या कागदांस अर्थ नाही, आणि ते ज्ञान स्वतंत्रपणे मिळवण्याची ऐपत लहान कारखान्यांपैकी बहुतेकांस नाही.

यासाठी तीन गोष्टींची तरतूद व्हावी. संशोधन-अनुदानाच्या अंदाजपत्रकात खरेदीइतकेच उपकरण-रचनेला स्वतंत्र खाते असावे आणि उत्तम उपकरण घडवणे हे पीएच.डी.च्या योग्यतेचे कार्य मानले जावे. सार्वजनिक पैशाने केलेल्या रचनेचे आराखडे सर्वांस खुले असावेत. आणि औषधी कारखाने असलेल्या प्रत्येक एमआयडीसीत, जवळच्या महाविद्यालयाच्या साह्याने, लहान उद्योजकास आपला दोन किलो माल आणून तपासता येईल असे एक सामायिक शुष्कीकरण-केंद्र असावे. 1933 साली मुंबई विद्यापीठाने उभारलेला आणि आज माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था झालेला विभाग, तसेच 1950 साली पुण्यात सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, यांनी या राज्याला उद्योग आणि विद्या यांच्या सहकार्याची परंपरा दिली आहे. त्या परंपरेस साजेसे हे काम असून त्याचा खर्च माफक आहे; एखादी मोठी बॅच फुकट गेल्याने होणाऱ्या नुकसानीशी तो ताडून पाहावा आणि मग शासनाने व उद्योगाने मंजुरीचा निर्णय विनाविलंब घ्यावा.